‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’: बघण्याआधी आणि बघून झाल्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं लघुलेखक होते. साहेबांनी डिक्टेशन द्यायचं, मी उतरवून घ्यायचं, टाइप करून सहीला ठेवायचं. निवृत्त झाल्यापासून दरवर्षी एकदा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये हा १९६१ चा अमेरिकन चित्रपट लावते. दोनदा कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही दाखवला. दर वेळी चहाच्या वेळेला प्रश्न तेच येतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवते आहे. ज्यांना शेवट आधी कळायला नको असेल त्यांनी तशी सूचना असलेली उत्तरं वगळावीत.

चित्रपट नेमका कशाबद्दल आहे?

दुसरं महायुद्ध संपून तीन वर्षं झाली आहेत. बॉम्बफेकीत मोडलेल्या न्यूरेंबर्ग शहरात अमेरिकन लष्करी न्यायालयापुढे चार जर्मन न्यायाधीश आरोपी म्हणून उभे आहेत. त्यांनी कोणाला गोळी घातलेली नाही, छळछावणीचं फाटकही उघडलेलं नाही. त्यांनी खटले चालवले, निकाल दिले आणि खाली सही केली. त्या सहीने माणसं मेली. मग खुनी कोण, असा प्रश्न आहे. निवाडा करायला अमेरिकेतल्या मेन राज्यातून डॅन हेवूड नावाचे एक म्हातारे न्यायाधीश आले आहेत. तिथल्या निवडणुकीत ते हरलेत आणि या कामासाठी आपण काही पहिली पसंती नव्हतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

तीन तासांचा कृष्णधवल चित्रपट, तोही कोर्टातला. झेपेल का?

झेपेल. सुमारे तीन तासांचा आहे आणि पहिली वीस मिनिटं जरा संथ आहेत. पण कॅमेरा बोलणाऱ्याभोवती सतत फिरत राहतो, त्यामुळे कोर्ट असूनही एका जागी बसल्यासारखं वाटत नाही. आम्ही मध्ये पंधरा मिनिटं थांबतो. थांबायचं असेल तर जूडी गारलँडने केलेल्या बाईची साक्ष सुरू व्हायच्या आधी थांबा, मध्येच तोडू नका.

यात गोरिंग, हेस वगैरे दिसतात का?

नाही. ही गल्लत जवळजवळ सगळ्यांची होते. नाझी राजवटीतल्या वरच्या फळीचा खटला २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ असा चालला. तो चार दोस्त राष्ट्रांनी मिळून चालवला. त्यानंतर एकट्या अमेरिकेने त्याच इमारतीत आणखी बारा खटले चालवले. डॉक्टरांवर एक, उद्योगपतींवर काही, सेनाधिकाऱ्यांवर काही. त्यातला तिसरा खटला न्यायाधीश आणि न्यायखात्यातल्या अधिकाऱ्यांवर होता. चित्रपटाचा आधार हा तिसरा खटला आहे. चित्रपटातलं शहर थकलेलं दिसतं ते त्यामुळेच. मोठी नावं निकालात निघाली आहेत, पत्रकार परत गेले आहेत, आणि आता या खटल्यांमध्ये कोणाला रस उरलेला नाही.

मग यातलं किती खरं आणि किती रचलेलं?

पात्रं रचलेली, प्रकरणं खरी. खरा खटला १९४७ च्या मार्चमध्ये सुरू झाला आणि डिसेंबरमध्ये निकाल लागला. चित्रपटाने तो १९४८ मध्ये नेला, कारण त्या वर्षी रशियाने बर्लिनची नाकेबंदी केली आणि अमेरिकेला एकाएकी जर्मनांची गरज भासू लागली. ‘आता जरा सबुरीने घ्या’ असं न्यायाधीशांच्या कानाशी कुजबुजणारी माणसं चित्रपटात येतात ती या बदललेल्या वाऱ्यामुळे.

खऱ्या खटल्यात आरोपपत्र सोळा जणांवर होतं. एकाने खटल्याआधी आत्महत्या केली, एक आजारपणामुळे वगळला गेला. उरलेल्या चौदांपैकी दहा दोषी ठरले, चार सुटले. चौघांना जन्मठेप झाली. चित्रपटात चारच आरोपी आहेत. मुख्य आरोपी डॉ. अर्न्स्ट यानिंग हे पात्र पूर्णपणे कोणा एकावर बेतलेलं नाही, पण फ्रान्त्स श्लेगेलबर्गर यांची आठवण येतेच. ते विद्वान कायदेपंडित होते आणि १९४१-४२ मध्ये न्यायखात्याचा कारभार त्यांच्याकडे होता.

खऱ्या निकालपत्रात एक वाक्य आहे: खुन्याचा खंजीर न्यायाधीशाच्या झग्याखाली दडवलेला होता. मी आयुष्यभर निकालपत्रं टाइप केली, त्यात अशी भाषा क्वचितच यायची. ज्या न्यायाधीशांनी ते लिहिलं त्यांना आपल्याच पेशातल्या माणसांबद्दल ते लिहावं लागलं, हे लक्षात घेऊन वाचलं की हात थबकतो.

ज्यू म्हातारा आणि जर्मन मुलगी यांचं प्रकरण खरंच घडलं होतं?

घडलं होतं. जसं घडलं ते चित्रपटापेक्षा भयंकर आहे, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

लेओ काट्झेनबर्गर हे न्यूरेंबर्गमधले चपलाबुटांचे मोठे व्यापारी आणि तिथल्या ज्यू समाजाचे प्रमुख. त्यांच्या इमारतीत इरेन झायलर नावाची तरुण छायाचित्रकार भाड्याने राहायची. तिच्या वडिलांची आणि त्यांची जुनी ओळख होती. शेजारपाजाऱ्यांनी कुजबुज सुरू केली. ज्यू आणि जर्मन यांच्यातले संबंध १९३५ च्या वंशशुद्धीच्या कायद्याने गुन्हा ठरवले होते. दोघांनीही शपथेवर सांगितलं की आमचं नातं बापलेकीसारखं आहे. आधी तपास करणाऱ्या न्यायाधीशाला पुरेसा पुरावाच दिसला नाही. तिथेच प्रकरण मिटायला हवं होतं.

पण ओस्वाल्ड रोटहाउग या न्यायाधीशाने ते आपल्या विशेष न्यायालयाकडे ओढून घेतलं. पुढचं काम कसं झालं ते बघा. झायलरबाई बचावाच्या साक्षीदार होऊ शकल्या असत्या. म्हणून त्यांच्यावर खोट्या शपथेचा आरोप ठेवून दोन्ही खटले एकत्र केले. आता त्या आरोपी, त्यांच्या शब्दाला साक्षीचं वजन उरलं नाही. दुसरी अडचण अशी की वंशशुद्धीच्या कायद्यात या गुन्ह्याला फाशी नव्हतीच, फक्त कैद होती. मग युद्धकाळातला १९३९ चा एक वटहुकूम काढला. ब्लॅकआउटचा, म्हणजे हवाई हल्ल्याच्या भीतीने केलेल्या अंधाराचा, किंवा युद्धपरिस्थितीचा फायदा घेऊन गुन्हा करणाऱ्याला त्यात देहदंड होता. म्हातारा अंधार पडल्यावर त्या बाईकडे गेला होता ना, मग झाला ब्लॅकआउटचा फायदा. एक कलम इथलं, एक कलम तिथलं, जोडून फाशी तयार.

वैद्यकीय तपासणीसाठी बोलावलेल्या डॉक्टरने नंतर सांगितलं की खटल्याआधीच रोटहाउग त्यांना म्हणाला होता: त्या डुकराने जर्मन मुलगी आपल्या मांडीवर बसली होती एवढं म्हटलं, मला तेवढं पुरे.

मार्च १९४२ मध्ये शिक्षा झाली. काट्झेनबर्गर ६८ वर्षांचे होते. जूनमध्ये म्युनिकच्या श्टाडेलहाइम तुरुंगात त्यांचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. झायलरबाईंना दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. पाच वर्षांनी न्यायाधीशांच्या खटल्यात त्या साक्षीला उभ्या राहिल्या.

चित्रपटात नावं बदलली आहेत आणि मुलगी सोळा वर्षांची दाखवली आहे. तिची भूमिका जूडी गारलँडने केली आहे.

पण त्या काळचा कायदाच तसा होता. न्यायाधीशाने कायदा पाळला तर गुन्हा कसला?

हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात आणि विचारलाच पाहिजे. बचाव पक्षाचा सगळा डोलारा यावर उभा आहे: न्यायाधीश कायदा करत नाही, तो राबवतो.

माझं उत्तर दोन पायऱ्यांचं आहे. पहिली पायरी वरच्या प्रकरणातच आहे. रोटहाउगने कायदा पाळला असता तर काट्झेनबर्गर मेले नसते. कैदेपेक्षा जास्त शिक्षा त्या कायद्यात नव्हती. म्हणजे नाझींचा कायदाही या न्यायाधीशाला पुरला नाही, त्याने आणखी एक कलम शोधून आणलं. ‘आम्ही फक्त कायदा राबवला’ हे म्हणणं कागदांवरच खोटं पडतं. आणि कागद मी ओळखते.

दुसरी पायरी अवघड आहे. समजा कायद्यात स्पष्ट फाशी असती तर? तिथे खऱ्या न्यायालयानेही नुसत्या कठोर कायद्याबद्दल कोणाला शिक्षा दिली नाही. वंश बघून, धर्म बघून माणसांचा एक गट संपवण्याच्या योजनेत न्यायालयं हत्यार म्हणून वापरली जात आहेत हे माहीत असून ज्यांनी ते हत्यार चालवलं, त्यांना दोषी धरलं. इथे कोणी मतभेद व्यक्त केला तर मी वाद घालत नाही. चित्रपटातही तीनपैकी एक न्यायाधीश निकालाशी असहमत आहे आणि त्याला मूर्ख म्हणून दाखवलेलं नाही.

नसबंदीच्या साक्षीचा प्रसंग एवढा लक्षात का राहतो?

मॉन्टगोमेरी क्लिफ्ट आहे म्हणून, हे पहिलं कारण. पाच वर्षांपूर्वीच्या मोटार अपघातातून हा माणूस सावरत होता आणि या एकाच प्रसंगापुरता चित्रपटात आहे. तो एका बेकरीत मदतनीस असलेल्या साध्या माणसाची भूमिका करतो. बाप कम्युनिस्ट होता. मतिमंद ठरवून कोर्टाच्या हुकमाने याची सक्तीची नसबंदी केली आहे.

बचावाचा वकील त्याला म्हणतो, ससा, शिकारी आणि शेत हे तीन शब्द घेऊन एक वाक्य बनवा. मतिमंदत्व ठरवायला तेव्हा असेच प्रश्न विचारत. क्लिफ्ट ते तीन शब्द तोंडातल्या तोंडात म्हणतो. पुन्हा म्हणतो. वाक्य होत नाही. मग तो खिशातून आईचा फोटो काढून दाखवतो, हिच्याकडे बघा आणि सांगा ही मतिमंद होती का, असं विचारतो. हॉलमध्ये या वेळी कोणी खाकरतसुद्धा नाही. आमच्या कोर्टातही मी अशी माणसं पाहिली आहेत. वकिलाने साधा प्रश्न विचारला की स्वतःच्या गावाचं नाव त्यांना आठवत नसे. ती मतिमंद नव्हती, घाबरलेली होती.

नसबंदीचा हा कायदा १४ जुलै १९३३ चा. हिटलर सत्तेवर येऊन सहा महिनेही झाले नव्हते. या कायद्याखाली अंदाजे चार लाख लोकांची नसबंदी झाली. आणि बचावाचा वकील इथे डाव टाकतो. तो एक निकाल वाचून दाखवतो ज्यात नसबंदीचं ठाम समर्थन आहे, आणि मग सांगतो की हा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा आहे, लिहिणारे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स. तो निकाल खरा आहे, १९२७ चा. तुमच्याकडे झालं तेव्हा तो कायदा, आमच्याकडे झालं तर तो गुन्हा?

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांना मी इथे एक गोष्ट आठवण करून देते. १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. हेतू वेगळा होता, वंशशुद्धीशी त्याचा संबंध नव्हता. तरी माणसाच्या शरीरावर सरकारचा हुकूम चालतो ही कल्पना आपल्याला परकी नव्हती, एवढं कबूल करावं लागतं.

बचाव पक्षाचा वकीलच जास्त पटतो. माझं काही चुकतंय का?

अजिबात नाही. हान्स रोल्फ ही भूमिका मॅक्सिमिलियन शेलने केली आणि त्या वर्षीचं उत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर घेतलं. समोर स्पर्धेत त्याच चित्रपटात हेवूड झालेला स्पेन्सर ट्रेसी होता. हा चित्रपट ज्यावरून झाला त्या १९५९ च्या दूरचित्रवाणी नाटकातही शेलने हीच भूमिका केली होती. लेखक ॲबी मान यांनी सगळ्यांत धारदार युक्तिवाद याच वकिलाला दिले आहेत. जग काय करत होतं, असं तो विचारतो. रशियाने हिटलरशी करार केला. व्हॅटिकनने १९३३ मध्ये करार केला. अमेरिकन उद्योगपतींनी नफा कमावला. यानिंग दोषी तर हे सगळे दोषी.

दुबळा विरोधक उभा करून त्याला पाडणं सोपं असतं. दिग्दर्शक स्टॅनली क्रेमर यांनी ते केलं नाही, म्हणून साठ वर्षांनीही माणसं हॉलबाहेर उभी राहून भांडतात. मला स्वतःला सगळे दोषी हा युक्तिवाद ऐकताना नेहमी असं वाटतं की दोष सगळ्यांत वाटला की प्रत्येकाला आपल्या ताटात वाढलेला घास दिसेनासा होतो.

नकार दिला असता तर त्या न्यायाधीशांचाच जीव गेला असता ना?

हे सगळेच गृहीत धरतात. त्यासाठी लोथार क्रायसिग यांची हकिगत माहीत हवी. चित्रपटात ते नाहीत, मी मध्यांतरात सांगते.

क्रायसिग ब्रांडेनबुर्गमध्ये पालकत्वाच्या प्रकरणांचे न्यायाधीश होते. मनोरुग्णालयातले रुग्ण त्यांच्या कायदेशीर देखरेखीखाली असायचे. १९४० मध्ये त्यांच्या लक्षात आलं की आपले रुग्ण इथून तिथे हलवले जातात आणि मागोमाग मृत्यूचे दाखले येतात. दाखले सारखेच. त्यांनी न्यायमंत्र्यांना पत्र लिहिलं. माझ्या परवानगीशिवाय माझा एकही रुग्ण हलवायचा नाही, असे आदेश रुग्णालयांना दिले. रुग्णांना मारण्याच्या या सरकारी कार्यक्रमाच्या प्रमुखाविरुद्ध चक्क खुनाची फिर्याद दाखल केली. न्यायमंत्री गुर्टनर यांनी बोलावून हिटलरची इच्छा हाच कायद्याचा आधार असल्याचं सुनावलं. ते मान्य नसेल तर न्यायाधीश म्हणून राहता येणार नाही, असंही सांगितलं. क्रायसिगनी मान्य केलं नाही.

काय झालं त्यांना? सक्तीची निवृत्ती, तीही निवृत्तिवेतनासह. ते आपल्या शेतावर गेले आणि १९८६ पर्यंत जगले.

श्लेगेलबर्गर यांचा बचाव उलट होता. मी राहिलो म्हणून निदान काही थोपवलं, मी गेलो असतो तर माझ्या जागी आणखी वाईट माणूस आला असता. ते गेल्यावर खरंच वाईट माणूस आला, हेही खरं. पण निरोपाला हिटलरने त्यांना एक लाख राइशमार्कची भेट दिली आणि त्यांनी ती घेतली. चित्रपटातल्या यानिंगला एवढं सोपं दाखवलेलं नाही, तो स्वतःशी जास्त कठोर आहे.

मराठी माणसाला इथे रामशास्त्री प्रभुणे आठवल्याशिवाय राहत नाहीत. दर वेळी कोणीतरी ते नाव काढतंच. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाल्यावर राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगून शास्त्री पुणे सोडून गेले. मला त्या कथेत निर्भीडपणाइतकंच ते निघून जाणं महत्त्वाचं वाटतं. खुर्ची सोडता येते, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडून वाटेल ती सही घेता येत नाही.

सगळी जर्मन पात्रं इंग्रजी का बोलतात?

सुरुवातीला बोलत नाहीत. रोल्फ आधी जर्मनमध्ये बोलतो, दुभाषी भाषांतर करतात, सगळे कानाला हेडफोन लावून ऐकतात. मग कॅमेरा झपकन त्याच्या चेहऱ्याजवळ जातो आणि पुढचं वाक्य इंग्रजीत येतं. तिथून आपण इंग्रजीच ऐकायचं, समजून घ्यायचं की जर्मन चाललं आहे. वक्त्यापुढचे दिवेही बघा. खऱ्या न्यूरेंबर्गमध्ये पिवळा दिवा लागला की सावकाश बोला, लाल लागला की थांबा, असा संकेत होता. एकाच वेळी चालणाऱ्या भाषांतराचा एवढा मोठा प्रयोग तिथेच प्रथम झाला. आमच्या कोर्टात साक्षीदार भराभर बोलायला लागला की मी नुसती मान वर करून साहेबांकडे बघायचे. आमचा पिवळा दिवा तोच.

छळछावण्यांची दृश्यं आहेत का? मुलांना दाखवावा का?

आहेत आणि ती खरी आहेत. छावण्या मुक्त झाल्या तेव्हा दोस्त सैन्याने केलेलं चित्रण सरकारी वकील कोर्टात दाखवतो. प्रेतांचे ढीग, बुलडोझर. काही मिनिटंच, पण डोळ्यांसमोरून जात नाही. नववी-दहावीच्या खालच्या मुलांना मी बसू देत नाही. मोठ्या मुलांना आधी सांगून ठेवते आणि नंतर त्यांच्याशी बोलते.

मोलकरीण आणि तिच्या नवऱ्याचा स्वयंपाकघरातला प्रसंग कशासाठी आहे?

मला तो सगळ्या चित्रपटाचा गाभा वाटतो. हेवूड ज्या बंगल्यात उतरले आहेत तिथे एक म्हातारं जोडपं कामाला आहे. हेवूड स्वयंपाकघरात येतात आणि सहज विचारतात, त्या काळात इथे कसं होतं? डाखाउची छळछावणी इथून फार लांब नाही. जोडपं बावरतं. आम्ही साधी माणसं, आम्हाला राजकारणातलं काय कळतं. मुलगा लढाईत गेला, मुलगी बॉम्बफेकीत गेली. मग बाई हळूच म्हणते की हिटलरने काही चांगलंही केलं. रस्ते बांधले, लोकांना काम दिलं.

आपण भलं आणि आपलं काम भलं, हे आपण किती सहज म्हणतो. ती बाई वाईट नाही. तिने हेवूडना प्रेमाने खाऊ घातलं आहे. तिची मुलं मेली आहेत. चित्रपट तिला फाडून खात नाही, फक्त तिच्या शेजारी उभा राहून तिचं ऐकतो.

त्याच बंगल्याची मूळ मालकीण म्हणजे फाशी गेलेल्या जनरलची विधवा. ती मार्लेन डीट्रिशने केली आहे. डीट्रिश स्वतः जर्मन, पण नाझींच्या विरोधात उभी राहून १९३९ मध्ये अमेरिकन नागरिक झालेली, युद्धात दोस्त सैनिकांसमोर गायलेली. तिने ‘आम्हाला काही माहीत नव्हतं’ म्हणणाऱ्या बाईची भूमिका करणं सोपं नसणार.

आपल्याकडे न्यायाधीशांवर अशी वेळ आली होती का?

नाझी जर्मनीशी कशाचीही बरोबरी करायला मी तयार नाही. पण सत्ता समोर उभी असताना न्यायाधीश काय लिहितो, हा प्रश्न आपल्याकडे २८ एप्रिल १९७६ ला आला होता. आणीबाणीत तुरुंगात टाकलेल्या माणसाला हेबियस कॉर्पसचा अर्ज करून कोर्टात दाद मागता येईल का? मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी येईल म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी येणार नाही म्हटलं. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात राहिले. पुढच्या जानेवारीत ज्येष्ठता डावलून त्यांचं सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं. त्यांनी राजीनामा दिला.

बहुमतातल्या चौघांत पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णू चंद्रचूड होते. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल चुकीचा होता असं सांगून रद्द ठरवला आणि ते मत लिहिलं त्यांच्या मुलाने, धनंजय चंद्रचूड यांनी. कायद्याच्या विद्यार्थ्यांना मी ही दोन्ही निकालपत्रं वाचायला सांगते.

१९५९ च्या नाटकात ‘गॅस’ शब्द गाळला होता, हे खरं का?

खरं आहे. दूरचित्रवाणीवरच्या त्या नाटकाच्या प्रायोजकांत गॅस कंपन्यांची संघटना होती. गॅस चेंबरचा उल्लेख आला तिथे आवाज बंद करण्यात आला. प्रेक्षकांना पात्रांचे ओठ हलताना दिसले, शब्द ऐकू आला नाही.

चित्रपट जर्मनीत दाखवला का?

पहिला खेळच पश्चिम बर्लिनमध्ये झाला, १४ डिसेंबर १९६१ ला. बर्लिनची भिंत उभी राहून चारच महिने झाले होते. दुसऱ्याच दिवशी जेरुसलेममध्ये ज्यूंच्या हत्याकांडाची व्यवस्था बघणाऱ्या ॲडॉल्फ आइकमान या नाझी अधिकाऱ्याला फाशीची शिक्षा सुनावली गेली. जर्मन प्रेक्षकांनी चित्रपटाचं स्वागत थंडपणे केलं, असं म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. ज्या पिढीवर खटला होता तीच पिढी खुर्च्यांवर बसली होती.

यानिंग मध्येच उभा राहतो तो क्षण, आणि शेवट: नीट समजला नाही. (शेवट माहीत नसेल तर हे वाचू नका.)

जवळजवळ दोन तास यानिंग झालेला बर्ट लँकेस्टर एक शब्द बोलत नाही. हे न्यायालयच मला मान्य नाही, अशी त्याची भूमिका. मग रोल्फ त्या बाईची उलटतपासणी घेतो आणि नाझी काळातल्या त्या जुन्या खटल्यात तिच्यावर जे झालं तेच पुन्हा होऊ लागतं. तिच्याकडून ‘त्या म्हाताऱ्याने काय केलं’ ते ओरडून ओरडून वदवलं जातं. त्या क्षणी यानिंग उभा राहतो आणि आपल्याच वकिलाला थांबवतो. मग तो सांगतो की पुरावा काहीही आला असता तरी मी त्या माणसाला दोषी ठरवणारच होतो, तो खटला नव्हताच. देश संकटात आहे, थोड्या लोकांचे हक्क थोडे दिवस गेले तर काय झालं, असं आम्ही स्वतःला सांगत राहिलो. ते थोडे दिवस संपलेच नाहीत.

शेवटी यानिंग हेवूडना कोठडीत बोलावून घेतो. तो म्हणतो, लाखो माणसं मरतील, गोष्टी इतक्या थराला जातील हे मला माहीत नव्हतं, विश्वास ठेवा. हेवूडचं उत्तर एका वाक्याचं आहे. ज्या दिवशी तुम्ही निर्दोष माहीत असलेल्या पहिल्या माणसाला मृत्युदंड दिला, त्याच दिवशी गोष्टी त्या थराला गेल्या होत्या.

लाखांचा हिशोब तिथे एकावर येतो. माझ्या टेबलावर सहीला जाणारा कागद नेहमी एकाच माणसाचा असायचा, म्हणून मला हे वाक्य इतकं कळतं.

खऱ्या दोषींचं पुढे काय झालं?

जन्मठेप झालेले श्लेगेलबर्गर काही वर्षांतच प्रकृतीच्या कारणावरून बाहेर आले, निवृत्तिवेतन मिळवलं आणि १९७० पर्यंत जगले. रोटहाउग १९५६ मध्ये सुटला. नाझी काळातले बरेच न्यायाधीश पश्चिम जर्मनीच्या कोर्टांमध्ये परत कामाला लागले. राजकीय खटल्यांसाठी नाझींनी काढलेल्या कुप्रसिद्ध ‘लोकन्यायालया’तल्या एकाही न्यायाधीशाला तिथल्या कोर्टांनी त्याच्या निकालांबद्दल अखेरपर्यंत शिक्षा केली नाही. १९९५ मध्ये जर्मनीच्या संघराज्य न्यायालयानेच आपल्या निकालात हे अपयश मान्य केलं.

आमच्याकडे दाखवायचा आहे. काही सूचना?

इंग्रजी उपशीर्षकं लावा, रोल्फ भराभर बोलतो. आवाज मोठा ठेवा, क्लिफ्ट पुटपुटतो. सुरुवातीला पाच मिनिटं दोन खटल्यांमधला फरक सांगा, म्हणजे लोक गोरिंगची वाट बघत बसणार नाहीत. खुर्च्या अर्धवर्तुळात मांडा, नंतर बोलायला बरं पडतं. चहा मध्यांतरातच उरका.

आणि हेवूड कोठडीतून निघून लांब बोळातून चालू लागतात तेव्हा पडद्यावर एक पाटी येते. अमेरिकन विभागातल्या न्यूरेंबर्ग खटल्यांत ९९ जणांना कैद झाली होती, त्यातला एकही जण आज तुरुंगात नाही, असं त्यावर लिहिलं आहे. आमच्याकडे कोणीतरी नेहमी त्याआधीच उठून दिवे लावायला धावतं. ती पाटी पूर्ण वाचून होईपर्यंत दिवे लावू देऊ नका.